सातपुड्याच्या पालीच्या वाटेवर: इंदूर, बऱ्हाणपूर, चिखलदरा

सातपुडा लेपर्ड गेको ही पाल शास्त्रज्ञांच्या यादीत आली 2014 साली. डोंगरात ती अर्थातच आधीपासून होती, पण तोवर तिला दुसऱ्या लेपर्ड गेकोंमध्येच मोजत. झीशान मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचं वेगळेपण दाखवून दिलं आणि सातपुड्याचंच नाव तिला मिळालं. माझा भाचा इंदूरच्या होळकर सायन्स कॉलेजात प्राणिशास्त्र शिकला. ती पाल बघायचं तेव्हापासून त्याच्या मनात होतं. मला बघायचं होतं तिचं जंगल.

इंदुरातल्या आम्हा मराठी मंडळींचं वऱ्हाड-खानदेशात जाणं-येणं पिढ्यान्पिढ्या याच डोंगरांतून झालं. माझ्या आईचं माहेर अकोल्याचं. महू-खंडवा-अकोला मीटरगेजवर पातालपाणीच्या बोगद्यांत ती आम्हाला खिडकीतून हात आत घ्यायला लावायची. पुढचं सगळं जंगल आम्ही झोपेतच ओलांडायचो, आणि ते तिथे असणारच असं धरून चालायचो.

2022-23 च्या हिवाळ्यात नेपानगरच्या जंगलातल्या तोडीच्या बातम्या इंदूरच्या वर्तमानपत्रांत वरचेवर येऊ लागल्या. एप्रिल 2023 मध्ये जमावानं नेपानगरचं पोलीस ठाणं फोडून अटकेतले आरोपी सोडवून नेले. याच बऱ्हाणपूर जिल्ह्यात अभयारण्य करण्याचा प्रस्ताव राज्य सरकारनं काही वर्षांपूर्वी पुढे आणला होता. प्रस्ताव फायलीत होता आणि झाडं पडत होती. जुलै 2024 मध्ये, पहिले दोन-चार चांगले पाऊस झाल्यावर आम्ही निघालो. भाचा, मी, आणि गाडी चालवायला माझे धाकटे दीर. त्यांना आमच्याकडे सगळेच भाऊजी म्हणतात.

पहिला दिवस: इंदूर ते बऱ्हाणपूर

पोहे-जिलेबी खाऊन सकाळीच खंडवा रोडला लागलो. शहर संपतं न संपतं तोच रालामंडलची टेकडी दिसते. होळकरांची शिकारगाह तिथे आजही उभी आहे, आणि 1989 पासून ते अभयारण्य आहे. चारी बाजूंनी वसाहती येऊन भिडल्या, तरी टेकडी हिरवी राहिली. सीमा वेळेवर आखली गेली म्हणूनच ती राहिली, असं मला ठामपणे वाटतं.

सिमरोलच्या पुढे भेरूघाटात धुकं होतं. या रस्त्याचं चौपदरीकरण तेव्हा चालू होतं. ठिकठिकाणी डोंगर कापलेला, लाल माती वाहून रस्त्यावर आलेली. बोगदे झाले की घाटातले अपघात कमी होतील, हे खरंच. या घाटानं किती घरं उजाड केली ते इंदूरवाल्यांना सांगायला नको. पण कापलेल्या उतारावर उघडी पडलेली मुळं पाहून भाचा बराच वेळ गप्प होता. नंतर म्हणाला, "मावशी, वाघासाठी भुयारी मार्ग काढा म्हणून कोणीतरी भांडतं. दगडाखाली राहणाऱ्यासाठी कोण भांडणार?"

मोरटक्क्याला नर्मदा गढूळ आणि भरलेली होती. पुलावर थांबू देत नाहीत, पण अलीकडे चहाच्या टपऱ्या आहेत. तिथून वरच्या अंगाला ओंकारेश्वर, आणि त्याच्याही वर इंदिरा सागर धरण. त्याचा जलाशय 900 चौरस किलोमीटरहून मोठा. हरसूद हे सबंध गाव 2004 साली त्याच्यासाठी उठलं. बुडालेल्या जंगलाच्या बदल्यात ओंकारेश्वरच्या परिसरात संरक्षित क्षेत्र करायचं, ही शिफारस धरणांच्या काळापासूनची आहे. आम्ही गेलो तेव्हाही लोक त्या जागेला "प्रस्तावित"च म्हणत होते. टपरीवर एक सनावदचे गृहस्थ भेटले. ते म्हणाले, "हमारे लड़कपन से सुन रहे हैं।" त्यांच्या डोक्यावरचे केस पांढरे होते.

छैगाव माखनला जेवलो. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल आणि लसणाची चटणी. निमाडात आल्याची खूण ही भाजीच देते. ढाब्यावरच्या बाईंनी आम्ही मराठी बोलतो हे ऐकून ताकाचे पैसे घेतले नाहीत. त्यांची आई रावेरची निघाली.

असीरगडावर चढलो तेव्हा उघडीप होती. याला दख्खनचा दरवाजा म्हणत. 1601 साली अकबराच्या हाती हा किल्ला लागला आणि खानदेश त्याचा झाला. अश्वत्थामा अजून इथल्या शिवमंदिरात फूल वाहून जातो ही कथा वाटाड्यानं आम्हाला सांगितली. तटावरून उत्तरेला आणि पूर्वेला पाहिलं की सातपुड्याच्या रांगा दिसतात. काही रांगा गर्द होत्या. काहींच्या अंगावर चौकोनी, फिकट ठिगळं होती. पावसानं सगळंच हिरवं झालेलं असताना ती ठिगळं वेगळी ओळखू येत होती, कारण तिथला हिरवा रंग मक्याचा होता.

बऱ्हाणपुरात मुक्काम. भाऊजींच्या मित्राच्या आजी जुन्या शहरात राहतात. त्यांचं मराठी खानदेशी वळणाचं, मधेच उर्दू शब्द. रात्री त्यांनी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी केली होती. मावा जिलेबी आणि दराबा बाहेरून आणला. मावा जिलेबी काळपट, जाड आणि आतून ओली असते. इंदूरच्या जिलेबीची सवय असलेल्यांनी ती वेगळा पदार्थ म्हणूनच खावी. पालीचा विषय निघताच आजींनी पदर सावरला. त्यांच्याकडे तिला विषखापर म्हणतात. ती चावली तर माणूस पाणी मागत नाही, असं त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. भाच्यानं त्यांच्याजवळ बसून मोबाइलवर फोटो दाखवले. भारतातली कुठलीही पाल विषारी नाही, ही तर विंचू आणि किडे खाणारी, हे त्यानं दोनदा सांगितलं. आजी फोटोकडे बघत म्हणाल्या, "डोळे तर माणसासारखे मिटते रे ही." त्यांनी बरोब्बर तेच पाहिलं होतं. घरातल्या पालीला पापण्या नसतात, ती जिभेनं डोळे पुसते. लेपर्ड गेकोला हलणाऱ्या पापण्या असतात. पायांना चिकटणाऱ्या गाद्या मात्र नसतात, त्यामुळे ती भिंतीवर चढत नाही. जमीन, दगड, पालापाचोळा, वारूळ हेच तिचं घर.

जाणाऱ्यांसाठी: असीरगडाला सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर जा, दगड पावसात फार निसरडे होतात. बऱ्हाणपुरात एक दिवस जास्तीचा असेल तर कुंडी भंडारा बघाच. अब्दुल रहीम खानखानाच्या काळातली ही जमिनीखालची पाणीयोजना सातपुड्याच्या उतारावर मुरलेलं पाणी शहरात आणायची. डोंगरावरच्या जंगलाचा आणि शहरातल्या घागरीचा संबंध तिथे उतरल्यावर समजावून सांगावा लागत नाही.

दुसरा दिवस: नेपानगर

नेपानगर हे कारखान्याभोवती वसलेलं गाव. देशातला वृत्तपत्राच्या कागदाचा हा पहिला कारखाना, 1956 साली पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाला. कागदासाठी लागायची सालई आणि बांबू, दोन्ही आसपासच्या जंगलातले. पुढे कारखाना रद्दी कागदाकडे वळला. मी वाचायला शिकले ती वर्तमानपत्रं कदाचित इथल्याच सालईची असतील. तेव्हाची तोड कूपानुसार, म्हणजे जंगलाचे भाग पाडून पाळीपाळीनं व्हायची, खुंटाला पुन्हा धुमारे फुटायचे, असं इथले जुने लोक सांगतात. ती सगळी काटेकोर होती असं मी म्हणणार नाही. पण त्या तोडीनंतर जमीन जंगलाचीच राहत होती.

वन विभागातून नाकेदार म्हणून निवृत्त झालेले एक काका आमच्याबरोबर यायला तयार झाले. गोरे, सडपातळ, पायात गमबूट, डोक्यावर टॉवेल. तीन पिढ्या नेपानगरात, मूळ घर अमळनेरचं. विभागाची परवानगी घेऊन, दिवसाउजेडी आणि रस्ता न सोडता आम्ही नावरा भागाकडे निघालो.

पहिले काही किलोमीटर जंगल सुंदर होतं. साग, धावडा, तेंदू, मोह, आणि निमाडचा खास अंजन. अंजनाची जोडपानं पावसात धुऊन चकाकत होती. खडकाळ माथ्यावर सालई. सालईची साल कागदासारखी सुटते आणि खोड हिरवट-पिवळं दिसतं. मातीचा पत्ताच नाही अशा दगडांत हे झाड उभं राहतं. तिच्या मुळांशी दगडांच्या फटी, फटींत पानांचा थर, थरात किडे, विंचू, गोम. भाचा गाडीतूनच बोट दाखवत होता: "अशीच जागा. अगदी अशीच."

मग एका वळणानंतर जंगल संपलं.

एवढ्या मोठ्या उतारावर एकही उभं झाड नव्हतं. गुडघ्याएवढे जळके खुंट, त्यांच्यामध्ये मका आणि तूर. काही ठिकाणी साग उभे होते, पण त्यांच्या बुंध्याभोवती हातभर साल गोल काढलेली होती. असं झाड पडत नाही, उभ्याउभ्या वाळतं, आणि वाळलं की कोणी विचारत नाही. अशा नव्या फोडलेल्या जमिनीला इकडे "नवाड" म्हणतात. काका हळू आवाजात सांगत होते. आधी रात्रीतून शेकडो माणसं उतरायची, कुऱ्हाडी घेऊन. मग पडलेलं जाळायचं. मग नांगर. नांगराला अडणारे दगड वेचून बांधावर रचायचे किंवा नाल्यात ढकलायचे. घाघरल्याच्या बाजूला तर गावकरी आणि तोडणारे समोरासमोर आले होते, गोफणी चालल्या होत्या.

त्या वेचलेल्या दगडांच्या राशीसमोर भाचा बराच वेळ उभा होता. झाडं पडली हे कोणालाही दिसतं. दगड उचलले गेले हे दिसायला ती पाल माहीत असावी लागते. झाडाखालचा दगड ओला आणि गार असतो. रास उन्हात तापते. लेपर्ड गेकोच्या वंशातली जी पाल सगळ्यात जास्त अभ्यासली गेली आहे, तिच्या अंड्यातून नर निघणार की मादी हे उबवणीच्या तापमानावर ठरतं. 26 अंशांना माद्या, साडेबत्तीसच्या आसपास बहुतेक नर, 34 च्या वर पुन्हा माद्या. एवढ्याशा फरकावर पुढची पिढी तोललेली असते. सावली गेली की मातीचं तापमान किती चढतं, हे उन्हाळ्यात अनवाणी शेतात गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे. आणि ही पाल दुसरीकडे चालत जाणारी नाही. नेपानगरचं जंगल गेलं तर वाघ मेळघाटात सरकेल. तिचं सगळं आयुष्य एका उतारावर जातं.

मी काकांना विचारलं, हे कोण करतं? त्यांनी सरळ उत्तर दिलं. बाहेरच्या जिल्ह्यांतून टोळ्या आणल्या जातात, पुढे जमिनीचे पट्टे मिळतील असं सांगून पैसे घेतले जातात. वनहक्क कायदा 2006 चा, आणि त्यातली अट अशी की 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसत असला तरच पट्टा मिळतो. नव्या नवाडाला कायद्यानं पट्टा मिळूच शकत नाही. तरी आशा विकली जाते. ज्या कोरकू आणि इतर आदिवासी कुटुंबांचे खरे दावे आहेत त्यांचे अर्ज वर्षानुवर्षं पडून आहेत, आणि तोड झाली की पहिला संशय त्यांच्यावरच. जागृत आदिवासी दलित संघटनेनं त्या काळात या तोडीविरुद्ध मोर्चे काढले. जंगल वाचवा आणि आमचे हक्कही द्या, असं त्यांचं दुहेरी म्हणणं होतं. मला ते रास्त वाटतं. जंगलाच्या बाजूचे लोक आणि आदिवासी अशी दोन टोकं आपण शहरात बसून करतो. नावऱ्याच्या त्या उतारावर उभं राहिल्यावर ती टिकत नाहीत.

परतताना पाऊस कोसळला. एका शेडखाली थांबलो. तिथे एक कोरकू बाई मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल घेऊन बाजारातून परतत होत्या. मी त्यांना विचारलं, अभयारण्य झालं तर? त्या म्हणाल्या, "जंगल रहेगा तो अच्छा। पर हमको निकाल देंगे क्या?" प्रश्न माझ्याकडे बघून विचारला होता. मी काय सांगणार? कायद्यात काय लिहिलंय ते सांगितलं: अभयारण्याची अधिसूचना निघाली की लोकांच्या हक्कांची चौकशी जिल्हाधिकाऱ्यांना करावी लागते, ग्रामसभेला बोलता येतं. त्यांनी मान हलवली. विश्वास बसला असं वाटलं नाही.

जाणाऱ्यांसाठी: नेपानगरच्या आसपासच्या जंगलात परवानगीशिवाय आणि स्थानिक माणसाशिवाय जाऊ नका. तोडीच्या जागांचे फोटो काढताना माणसांचे चेहरे येऊ देऊ नका, ज्यांनी माहिती दिली ते उद्याही तिथेच राहणार आहेत. पेट्रोल नेपानगरातच भरून घ्या.

तिसरा दिवस: देडतलाई, धारणी, चिखलदरा

देडतलाईच्या पुढे राज्याची हद्द आणि मेळघाट. पाट्या देवनागरीतच, पण हिंदीच्या मराठी होतात. धारणीत कांदेपोहे खाल्ले. लिंबू, शेव, जिरावण यांशिवायचे पोहे भाऊजींच्या घशाखाली उतरेनात, त्यांनी डब्यातली इंदुरी शेव काढली. टपरीवाल्यालाही दिली. त्यानं चवीनं खाऊन पत्ता विचारून घेतला.

हरिसाल, सेमाडोह हा रस्ता व्याघ्र प्रकल्पातून जातो. मेळघाट हा 1973-74 च्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. पन्नास वर्षं राखलेलं जंगल आणि कालचा नावऱ्याचा उतार, एकाच डोंगररांगेचे हे दोन भाग. मधे फक्त कागदावरची एक रेषा. सेमाडोहच्या पुढे सिपना नदी तांबडी होऊन धावत होती. सागाला फुलोरा आला होता, आणि साऱ्या घाटात ओल्या पाल्याचा वास. आम्ही काचा खाली करून गप्प बसलो.

चिखलदऱ्यात ढग रस्त्यावर उतरलेले होते. गवळ्यांच्या हॉटेलात रबडी खाल्ली, घट्ट आणि कमी गोड. या गावाच्या नावानंही एक पाल आहे, हेमिडॅक्टिलस चिखलदराएन्सिस. तिची नोंद 2019 ची. गेल्या पंधरा वर्षांत असं किती काही सापडलं! विरमगामजवळ सापडलेल्या एका सापासाठी 2016 साली नवी प्रजातीच नव्हे, नवा वंश करावा लागला. 2022 मध्ये पूर्व घाटातून आणखी एक लेपर्ड गेको, युब्लेफॅरिस पिक्टस. आपल्या शेताच्या बांधावर, रस्त्याकडेला राहणारे जीव आपण आत्ता कुठे ओळखू लागलो आहोत.

रात्री आम्ही प्रकल्पाच्या हद्दीबाहेर एका शेतकऱ्याच्या रानात, त्याच्या परवानगीनं गेलो. वाट दाखवायला तिथलाच एक कोरकू मुलगा होता. बारावी झालेला, पक्ष्यांची नावं मराठी, कोरकू, इंग्रजी तिन्हींत सांगणारा. पाऊस थांबून तासभर झाला होता. हवा कोमट, बेडकांचा गोंगाट. गमबूट, काठी, प्रत्येकाकडे टॉर्च, आणि पाऊल टाकण्याआधी जमीन बघायची, कारण हे दिवस मण्यार आणि फुरशाचेही. दगड उलटायचा नाही असं भाच्यानं निघतानाच बजावलं होतं. दगडाखालची ओल आणि गारवा एकदा मोडला की पुन्हा बसत नाही. जे आपणहून बाहेर आलंय तेवढंच बघायचं.

बराच वेळ काही नाही. विंचू दिसले, एक मोठी गोम दिसली. मग मुलानं हात वर केला. सालईच्या उघड्या मुळापाशी, दोन दगडांच्या मधे, ती उभी होती. उभीच म्हणायला हवं, कारण पोट जमिनीला न टेकवता चारी पायांवर अंग उचललेलं होतं. वीतभर लांब. मानेमागून फिकट कमान, पाठीवर एकच रुंद फिकट पट्टा, त्यावर आणि बाजूंना गडद ठिपके. शेपटी मुळाशी आवळलेली आणि पुढे जाड, चरबी साठवणारी. टॉर्चचा झोत बाजूला वळवला तसे तिनं डोळे मिटले, उघडले. शेपटी संथपणे डावी-उजवीकडे हलवली. आणि मग कुणाचीही घाई नसल्यासारखी दगडाच्या फटीत निघून गेली.

भाच्याचा हात थरथरत होता, फोटो हलला. त्यानं दुसरा काढायचा प्रयत्न केला नाही. मला तिचं इतकं जवळून जगणं पाहून आधी आनंद झाला आणि पाठोपाठ राग आला, कालच्या त्या दगडांच्या राशीचा.

ती जागा मी इथे लिहीत नाही, गावाचं नावही नाही. चीन-व्हिएतनाम सीमेवरच्या अशाच एका पालीची, गोनिउरोसॉरस लुईची, 1999 साली नोंद झाली. जागा छापून आली, आणि पाळीव प्राण्यांच्या बाजारासाठी पकडणाऱ्यांनी त्या डोंगरावर ती उरू दिली नाही. लेपर्ड गेको जगभर पाळतात, म्हणजे गिऱ्हाईक तयारच आहे. तुम्हाला कधी दिसली तर फोटोतलं ठिकाण बंद करून मगच कोणाला पाठवा. पकडून बाटलीत घालून गावात दाखवायला आणू नका. आणि कोणी विषखापर म्हणून मारायला धावलं तर त्याला आजींना दाखवले तसे तिचे डोळे दाखवा.

चौथा दिवस: पायविहीर

उतरताना परतवाड्याच्या अलीकडे पायविहीरला वळलो. चिखलदऱ्याच्या पायथ्याशी असलेलं हे कोरकू वस्तीचं गाव. 2012 साली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. तेव्हा तो डोंगर बोडका होता, असं गावातले सगळेच सांगतात. ग्रामसभेनं राखण लावली, चर खोदले, रोपं लावली, चराई आणि तोड स्वतःच थांबवली. सीताफळाचा लिलाव व्यापाऱ्याला देण्याऐवजी ती स्वतःच्या छापाखाली शहरात विकली. 2014 साली गावाला राष्ट्रीय जैवविविधता पुरस्कार मिळाला.

ग्रामसभेतल्या एका ताईंनी आम्हाला डोंगरावर नेलं. धावड्याची, पळसाची कोवळी झाडं, खाली गवत, आणि गवतात दगड जिथले तिथे. चर खोदताना काय काय निघालं असं भाच्यानं विचारलं. त्यांनी हातानं माप दाखवलं, ठिपके सांगितले, शेपटी जाड असं सांगितलं. कोणती पाल होती ते त्यावरून ठरवता येत नाही. मारली का, असं मी विचारलं. "कशाला? आमच्याच जंगलात राहते ना," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या चराकडे निघाल्या.

तिथे पिठलं-भाकरी खाताना आमची बरीच चर्चा झाली. भाऊजींचं म्हणणं, अभयारण्य आधी जाहीर व्हावं, बाकीचं मागून. भाच्याचं म्हणणं, हक्कांची पडताळणी मागे ठेवली तर गावं विरोधात जातील आणि तोडणाऱ्यांना आयती माणसं मिळतील. मी भाच्याच्या बाजूची. नेपानगरच्या त्या बाईंच्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय तिथे सीमेचा एकही मुनारा उभा राहू नये, आणि उत्तर द्यायला आणखी दहा वर्षंही लागू नयेत. शिवाय सीमा आखताना वाघाच्या वाटेइतकंच सालईच्या खडकाळ माथ्यांकडेही बघावं. तिथे इमारती लाकूड नाही, शेतीही पिकत नाही, म्हणून ते पडीत समजून सोडले जातात. ती पाल नेमकी तिथेच राहते.

इंदूरला आल्यावर भाच्यानं आपल्या नोंदी, जागा गुप्त ठेवाव्यात या विनंतीसह, वन विभागाकडे दिल्या. मी बऱ्हाणपूरच्या प्रस्तावाबद्दल जे पाहिलं ते सविस्तर लिहून भोपाळला पाठवलं आहे, आणि निवृत्त नाकेदार काकांनी त्याच्या हिंदी मसुद्यातल्या बीटांची नावं तपासून दिली.

हा मार्ग करणार असाल तर जुलै ते सप्टेंबर हिरवाईसाठी चांगला, पण मेळघाटातल्या नाल्यांना अचानक पूर येतो, तेव्हा धारणी ते चिखलदरा हा टप्पा उजेडातच पार करा. मधे मोबाइलला रेंज नसते, रोख पैसे जवळ ठेवा. पावसाळ्यात जमलं नाही तर दिवाळीच्या आसपास जा. पायविहीरची सीताफळं तेव्हा तयार होतात, ती थेट गावातूनच घ्या.